टपावरचं सामान

युयुनीहून निघालो तेव्हापासून
टपावर काहीतरी वाजत होतं.
सहाजणांच्या पिशव्या, पाण्याचे बुधले, डिझेलचा कॅन
आणि त्यांच्याखाली कुठंतरी
दर खड्ड्याला हुंकार देणारं लोखंड.

आमच्यात एक दातांची डॉक्टर होती, वाल्दिव्हियाची.
म्हणाली, हा आवाज माझ्या दाढेत शिरतोय.
फ्राउकेनं कानांत बोळे घातले.
मागच्या सीटवर मी, गुडघे हनुवटीला,
डोकं दुखत होतं उंचीनं, दोष दिला आवाजाला.
एलेउतेरिओ गालात कोकाची पानं धरून
आरशातून बघायचा नि म्हणायचा,
पोहोचलं की थांबेल.
कुठं, ते काही बोलला नाही.

वाळवंट म्हणजे उकाडा, एवढंच शिकले होते शाळेत.
हे वाळवंट पहाटे उणे अठरा.
तळ्याच्या काठाला बर्फाची साय
आणि सायीत पाय अडकून झोपलेले फ्लेमिंगो,
ऊन वर येईतो सुटका नाही.
डोंगर कसे, तर कुणी हळदीचे, विटांच्या चुऱ्याचे
ढीग ओतून गेलंय
आणि भरायला पोतीच आणली नाहीत.
झाड नाही. सावली फक्त जीपची,
तीही आमच्यापुढं पळणारी.

फोटो काढले. दगडाचा वृक्ष काढला,
लाल पाणी काढलं,
राखाडी चिखल रटरटत होता ते विवर काढलं.
मी म्हणाले, पिठलं.
कुणालाच कळलं नाही.

तिसऱ्या दुपारी त्यानं वाट सोडली.
हे कार्यक्रमात नाही,
बर्त्राँ कागद उलटसुलट करत म्हणाला.
नाही, एलेउतेरिओ म्हणाला.

दगडाची एक खोली. पत्र्यावर धोंडे.
दाराशी हिरवी उशी वाटावी अशी यारेता,
हात लावला तर खडक.
वर्षाला नखाएवढीही वाढत नाही.
पूर्वी हीच जाळायचो, तो म्हणाला,
हजार वर्षं एका हिवाळ्यात.

मग टपावर चढून आमच्या पिशव्या
एकेक करून आमच्याच हातांत दिल्या त्यानं
आणि तळातून काढला गॅसचा सिलिंडर,
घोंगडीत गुंडाळलेला,
दुपट्यातल्या पोरासारखा मानेखाली हात देऊन.

साबिना मावशी बाहेर आली.
दोन वेण्या, लोकरीची टोपी, एका डोळ्यात मोतीबिंदू.
दुसऱ्यानं आमची डोकी मोजली.
कप तीनच होते. पाळीपाळीनं प्यायलो,
कसल्याशा पाल्याचा चहा, धुराची चव, साखर भरपूर.
तिनं शेगडी पेटवली, निळ्या ज्योतीवर हात धरले,
आणि दातांच्या डॉक्टरनं तिला
दारातल्या उजेडात आ करायला लावला.
बराच वेळ बघितलं.
काहीतरी बोलल्या दोघी, हसल्या.

परतताना टपावर रिकामा सिलिंडर.
उथळ पाण्याबद्दल आपल्याकडं म्हणतात तसा,
भरलेल्याच्या दुप्पट वाजत होता.
फ्राउकेचे बोळे सीटखाली कुठंतरी पडले होते,
तिनं शोधले नाहीत
किंवा सापडले नसतील.
बर्त्राँ झोपला होता तोंड उघडं टाकून.
मी हिशेब करत होते : एक सिलिंडर
दोन महिने, काटकसरीनं अडीच.
मग पुन्हा कुणीतरी सहाजण
आणि त्यांची डोकेदुखी.