नमुना क्रमांक चौदा

वहीत तुमचं नाव नाही, अण्णा.
वहीत तुम्ही नमुना क्रमांक चौदा:
पुरुष, एकाहत्तर, दम्याचा पंप,
वरची कवळी. जिभेवर पांढरं.

आई आधी त्याला साय म्हणायची.
मी बुरशी म्हटलं, त्या दिवसापासून
तुमची वाटी वेगळी घासू लागली.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं
तुम्ही नोटांतली खोट शोधलीत,
शाई केसभर सरकली तरी गठ्ठा बाजूला.
आता आरशापुढे आ वासून
स्वतःची जीभ तशीच तपासता.
म्हणता, जेवण कागदासारखं लागतं,
आणि कोरा कागद कसा लागतो
हे तुम्हाला माहीत असणारच.

काचेच्या बशीत पसरलं मी तुम्हाला,
सदतीस अंशांवर ठेवलं रात्रभर,
कागदाच्या टिकल्यांवर एकेक थेंब:
लवंग, दालचिनी, गवती चहा, ओवा.
सकाळी कपाट उघडलं
तर अख्ख्या प्रयोगशाळेला बाळंतिणीच्या खोलीचा वास.

लवंगेभोवती एकवीस मिलिमीटर मोकळं रान.
ओव्याभोवती त्याहून जरा जास्त.
मी पट्टी दोनदा लावली.
खैरनार मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या,
"छान. पण बशीला जीभ नसते."

तुम्हाला ती वर्तुळं सांगितली, ही चूक माझी.
रविवार कारंजावरून बाटली आणलीत
आणि कापूस बुडवून, मला न विचारता, थेट जिभेवर.
संध्याकाळभर तोंड धरून बसलात,
टीव्हीवरच्या बातम्या मुक्या करून.
मी ओरडले तुमच्यावर.
खरं तर बशी ओरडत नाही
म्हणून तिच्यात हवं ते ओततो आम्ही.

मग डॉक्टरांचे थेंब, दोन आठवडे.
पंप ओढला की चूळ. कवळी रात्री पाण्यात.
एवढंच. ह्यावर शोधनिबंध होत नाही.
ओव्याचं तेल फ्रीजमध्ये आहे अजून,
ते किती पातळ केलं की बुरशीला लागेल
आणि गालाला लागणार नाही,
बघायचंय. वेळ लागेल. वर्षंही लागतील.

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून कारली आली.
पहिल्याच घासाला तुमचं तोंड वाकडं झालं.
"कडू ठेवलंस गं. आणि मीठ जास्त."

आई काही बोलली नाही.
जेवणं झाल्यावर तुमची वाटी
तिनं आमच्या वाट्यांतच टाकली घासायला.