तुटलेल्या सुयांची वही

बहारीनला, सित्र्यातल्या या कारखान्यात
हजेरीच्या वह्या दोन.
एक मालकाची, एक पाहुण्यांची.
दोन्हींत अक्षर माझंच.

पाहुणे म्हणजे, ज्यांचे शर्ट आम्ही शिवतो
त्या कंपनीची तपासणीची माणसं.
ती यायची असली की आदल्या आठवड्यात
नव्या वहीवर मी चहाचं पाणी शिंपडतो,
पंख्याखाली वाळवतो, तीन पेनं वापरतो,
एखाद्या मंगळवारी उगाच खाडाखोड.
खोटं फार स्वच्छ असून चालत नाही,
हे श्रीवर्धनला, सोसायटीच्या दुकानात
साखरेची वजनं लिहितानाच कळलं होतं.

पाहुण्यांच्या वहीत
सगळे पाचला सुटतात.
शुक्रवारी कुणी नसतं.
तुलमायाला ताप आला तर रजा, तीही पगारी.
लिहिता लिहिता मला सवयच लागली
या वहीतल्या माणसांच्या मागे मागे जायची.
पेंचलय्या न्हाव्याकडे बसतो, डोळे मिटून.
नदीशा लेकीशी फोनवर बोलते
आणि लेकच आधी कंटाळते.
रोकेया समुद्रावर जाते,
निळ्या पट्ट्याची चप्पल हातात धरून,
ओहोटीच्या चिखलात पावलं उमटवत
उगाचच लांबपर्यंत.

दुसऱ्या वहीतली रोकेया त्या वेळी
एकतीस नंबरच्या मशीनवर
कॉलर उलटवत असते.

यंदा आलेली बाई बुटकी, चष्मा दोरीला बांधलेला.
सकाळीच सगळ्यांना पासपोर्ट वाटले होते,
संध्याकाळी गोळा करायचे, उत्तरपत्रिकांसारखे.
तिनं हजेरी चाळली. म्हणाली, अक्षर सुरेख आहे.
मी लाजलो. खरंच लाजलो.
मग म्हणाली, सुयांची वही आणा.

सुई तुटली की तुकडे शोधायचे. सगळे.
टोक मिळेना तर टेबल उलटं,
शंभर शर्ट बाजूला, चुंबक फिरवायचं,
दूरदेशीच्या एखाद्या पोराच्या मानेला टोचू नये म्हणून.
तुकडे जुळवून चिकटपट्टीखाली लावायचे,
तारीख, वेळ, मशीन, सही.
तेव्हा कुठे नवी सुई.
इतका चोख हिशेब
आमच्याकडे दुसऱ्या कशाचाच नाही.

बाईनं पानावर बोट ठेवलं.
शुक्रवार. रात्रीचे नऊ चाळीस. मशीन एकतीस.
पट्टीखाली दोन तुकडे, गंजाचा एक ठिपका,
खाली रोकेयाची सही, बंगालीत, तिरकी.

त्या वेळी रोकेया समुद्रावर होती.
मला तर तिची चप्पलही ठाऊक होती.

हे तुमचं अक्षर?
हो.
आणि हजेरीतलं?
तेही.

नंतर मॅनेजरनं दार लावून घेतलं.
विसरलास, की मुद्दाम?
मी म्हटलं, साहेब, विसरलो.
तिसरी वही करायला कुणी सांगितलंच नव्हतं.
हे खरं आहे का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ऑर्डर जाईल, असं बोलतात.
गेली तर निम्म्या बायका परत,
एजंटाचं कर्ज तसंच डोक्यावर घेऊन.
म्हणून रोकेया चार दिवस माझ्याशी बोलली नाही.
जेवणाच्या रांगेतही मान वळवून उभी.

पाचव्या दिवशी खिडकीशी आली,
तळहातावर सुईचा मागचा तुकडा.
टोक नव्हतं.
आम्ही दोघं गुडघ्यांवर,
मशीनखाली, पेडलमागे, चिंध्यांच्या ढिगात.
बराच वेळ.
मग तिच्याच ओढणीच्या काठात लुकलुकलं.

पट्टी लावली. मशीन एकतीस.
वेळेच्या रकान्यावर पेन थांबलं,
आणि ती वाकली, खिडकीतून आत,
अक्षर वाचता येत नसतानाही
मी काय लिहितो ते बघायला.

सात वाजून दहा.
आकडे तिला कळतात.