मापाची वही

आबांच्या वहीत गावभरचे पाय आहेत.
पेन्सिलीनं काढलेल्या नुसत्या कडा,
आत कोण उभं होतं ते कोपऱ्यात:
शाहूपुरीचे वकील, अंगठा मोठा.
गंगावेशीतल्या काकू, डावा पाय सुजतो.
कागलचा नवरदेव, कापशी, आवाज पाहिजे.

वही उलटी धरली की मागल्या बाजूनं मी सुरू होतो.
पाच वर्षांचा, मग सहाचा, सातचा.
शाळा उघडायच्या आधी
आबा मला कागदावर उभं करायचे
आणि बोटांमधनं पेन्सिल फिरली की मी हसायचो.

यंदा हसलो नाही.
यंदा पायावर केस आहेत.
पेन्सिल त्यांना घासून गेली
आणि आम्ही दोघांनी कागदाकडंच बघितलं.
"दोन बोटं वाढलाय," आबा म्हणाले, "वर्षात."

बाकीचं त्यांनी विचारलं नाही,
की रोजचाच उंबरा, मग मी का ठेचकाळतो,
आताशा मोरीला कडी का लावतो,
काखेत शर्ट कायम ओला का,
चामडं ठोकायच्या दगडाला टेकवलेल्या आरशात
कपाळावरचे फोड का मोजतो,
आणि फोन का उचलत नाही.

फोनचं सांगतो.
चप्पल लाईनमधनं शेठचा आला होता.
मी हॅलो म्हणालो.
'हॅ' आबांच्या गळ्यातनं निघाला
आणि 'लो' रोशनीच्या.
"कोण बोलतंय?" शेठ म्हणाला.
मला खरंच सांगता येईना.
आबांनी फोन काढून घेतला,
"पोरगा हाय. नवीन हाय, वाजतोय."

शाळेत त्यावर धडा होता.
चौगुले सरांनी चार पानं एकदम उलटली,
खिडकीकडं बघत म्हणाले, "हा घरी वाचा. सोपाय."
मागचा बाक हसला. मीही हसलो,
हसताना आवाज फाटला, म्हणून पुन्हा सगळे हसले.

घरी म्हणजे जवाहरनगरात एक खोली.
त्यात चामडं, त्यात आम्ही चौघं.
कुठं वाचायचा?

शेवटी रोशनीनं वाचून दाखवला,
पत्र्यावर वाळत घातलेल्या तळव्यांच्या मधे बसून,
हातातली वेणी विणता विणता.
"मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असती बघ.
ती सांगती, अंग ऐकतंय.
हात-पाय आधी पळत्यात,
तू अजून जुन्या मापानं चालतोस, म्हणून आपटतोस.
गळ्यातले तंतू लांबायला लागल्यात.
कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा,
त्यात तुझी चूक काय न्हाय."
जे मला विचारताच आलं नसतं
तेही वाचलं, बाजारभाव वाचावेत तसं,
मान वर न करता.

"आणि तुला कुणी वाचून दाखवला?"

वेणीचा एक पदर सुटला तिच्या हातातनं.
"मला बारावं होतं.
शाळेच्या बाथरूममध्ये वाटलं, मरतीय मी.
आईनं कापड दिलं
आणि म्हणाली, लोणच्याला शिवू नको."
पदर पुन्हा घातला. "म्हणून तर."

रात्री वही काढली.
रोशनीचेही पाय आहेत तिच्यात,
माझ्या शेजारच्या पानांवर,
पाचचे, आठचे, अकराचे.
बारानंतर पान कोरं.
मला आजवर वाटायचं
मुलींचे पाय तेवढ्यावर थांबत असतील.
ती थांबली नव्हती.
आबा थांबले होते.

"उभी राहा," मी म्हणालो,
दोन शब्द, दोन आवाज.
"येडा हाईस काय?" म्हणत ती उभी राहिली.
टाच माझ्या आठवणीपेक्षा रुंद होती,
करंगळीला घट्टा.
पेन्सिल बोटांच्या फटीत शिरली
आणि ती हसली, किती वर्षांचं कुणास ठाऊक,
खिडकीची चौकट धरून.

कोपऱ्यात आबांची आरी थांबली.
ते उठले नाहीत.
अंगठ्याच्या वळणाशी माझा हात अडखळला,
कड दोनदा निघाली.

"उभी धर पेन्सिल," आबा म्हणाले,
घसा खाकरून.
"तिरकी धरली की माप खोटं येतंय."