सव्वीस

आमच्या पक्षाचं नाव त्याच्या मतांपेक्षा लांब होतं :
सोलापूर जिल्हा यंत्रमाग-विडी श्रमिक क्रांती पक्ष.
भिंतीवर लिहिताना चुना 'श्र'पाशीच संपायचा,
म्हणून साखर पेठेतले काही म्हातारे
अजून आम्हाला नुसतं 'श्र'वाले म्हणतात.

चिन्ह दर वेळी निराळं.
बहात्तरला सायकल, मग शिडी, मग कपबशी.
नरसुबाई शेवटपर्यंत सायकल शोधत राहिली,
आणि सायकल तोवर दुसऱ्याच कुणाची झालेली.

अनामत अडीचशे.
मल्लेशम येमूलनी ती चिल्लरीत नेली,
तंबाखूचा वास मारणाऱ्या नाण्यांत.
कारकून शिंकत शिंकत मोजत बसला जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
'परत न्यायला पिशवी आणा बरं का.'
पिशवी कधी लागली नाही.

अठ्ठ्याहत्तरची मोजणी.
जाळीशी आमची प्रतिनिधी, राजमणी चिप्पा.
रोज हजार विड्या, पंचवीसचा एक कट्टा,
वर चेकर मूठभर छाट काढणार ते वेगळं.
पलीकडे आमच्या मतांचा गठ्ठा बांधला, पंचवीसचा.
तिनं नुसतं पाहिलं
आणि आधी तेलुगूत, मग मराठीत म्हणाली :
'सव्वीस हायत.'

साहेब हसले. मोजले. सव्वीस.
मग समोरच्या पक्षाचा माणूसही हळूच जवळ आला,
'बाई, जरा आमचा बघता का?'
तिनं त्याचाही बघितला. बरोबर होता, तसं सांगितलं.
रात्री निकाल : एकोणीसशे तेरा.
राजमणीमुळे चौदा.

पक्ष फुटला तो चीनवरून नाही,
ठरावात तसं लिहिलंय खरं.
फुटला दस्तगीरवरून.
आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर उभा राहिलेला,
कर्ज काढून दोन जुने माग घेतले त्यानं,
तर तो आता श्रमिक की मालक?
तीन रात्री बैठक चालली दत्तनगरच्या खोलीत.
चहा दस्तगीरच आणत होता.
अकरा जणांचे सहा आणि पाच झाले.
पुढच्या वेळी एकाच भिंतीवर दोन 'श्र',
दोघांचे मिळून सहाशे नऊ.

आता यंत्र आलं.
बटण दाबलं की शिट्टीसारखं वाजतं.
राजमणी म्हणते, आवाज आला, पण जाडी कुठाय?
मागल्या खेपेला 'वरीलपैकी कोणी नाही' हा उमेदवार
आमच्यापेक्षा तिप्पट मतांनी पुढे होता.
त्याचा जाहीरनामा मी अजून शोधतोय.

खोली सोडायची होती, म्हणून परवा पत्रकं आवरली.
न वाटलेली, शंभर-शंभरचे गठ्ठे, सुतळी मीच बांधलेली.
राजमणी आली होती, गुडघे धरत, जिना चढून.
एका गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला तिनं,
थांबली, पुन्हा फिरवला.
'नव्याण्णव,' म्हणाली.
'कुणीतरी एक नेलंय.'