श्री.

नगरपालिकेच्या पायरीवर
लोमटे बाईंनी आम्हाला तीनदा मोजलं.
एकतीस. त्यात एकाची चप्पल तुटलेली.

म्हसवडात असं पहिल्यांदाच होतंय, नीट बघा, म्हणाल्या.
सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती,
खिडकीच्या गजांतून बघितलं मग:
हारांच्या ढिगामागं नव्या अध्यक्षा,
वडार गल्लीच्या रुक्मा धोत्रे,
खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेल्या,
पाठीचा पांढरा टॉवेल काढून
घडी घालून मांडीवर घेतलेला.

ह्या भिंतीचे दगड त्यांच्या आज्यानं घडवले,
बाई हळूच म्हणाल्या.
आम्ही भिंतीला हात लावला.
तापली होती.

जिन्यात पेंटर शिडीवर.
फळ्यावर अठ्ठावीस नावं, सगळी मिशीवाली,
आणि एकोणतिसाव्या ओळीत
सवयीनं आधीच रंगवलेलं श्री.
"बाई, पुढं मती जोडू,
का पुसून सौ. करू?"

वेलांटी चुकली की अर्धा मार्क कापणाऱ्या बाई
गप्प.
मग आमच्याकडं वळल्या,
खरंच माहीत नसल्यासारख्या.

एकच गलका.
शेवटच्या बाकावरची रेश्मा तेवढी म्हणाली,
"नुसतं नाव लिहा की, काका.
रंग वाळायलाय."