तळाचा चुरा

खानापूरच्या स्टँडवर, पावणेआठला,
जांबोटीची शेवटची गाडी लागायच्या आधी
कल्लव्वा किसणी कढईवरच आडवी धरते
आणि रताळं घासते.
बटाट्याचं नाव काढलेलं तिला खपत नाही.
"तो हासनास्नं येतोय, लॉरीत बसून.
हे आमच्या रानातलं. ह्याला तिकीट नाही."

काप पडतात तसं तेल ओरडतं,
मग कुजबुजतं,
मग एकदम गप्प.
गप्प झालं की झारा घालायचा.
"कानानं तळायचं असतंय बाई," ती म्हणते,
"डोळ्यानं तळलं की करपतंय."

मीठ ती खांद्याएवढ्या उंचीवरून सोडते,
निम्मं चिप्सवर, निम्मं वाऱ्याला,
आणि विचारते, "खारा बेकेन्री?"
पण हे फक्त नवख्या माणसाला.
आम्ही आपापला खारा पिशवीत घालूनच
घराबाहेर पडतो.

कंडक्टर बसलिंग मुचंडी
तिकिटाच्या मशीनशेजारी डबी ठेवतो गुरेळ्ळूची.
माझ्याकडे कारळ्याची चटणी.
एकच काळी पूड, एकच लसूण;
तरी तो म्हणतो त्याची बरी, मी म्हणते माझी.
दोन वर्षं झाली, निकाल नाही.
मिंगेल, आयटीआयचा पोरगा,
आवशीनं दिलेला नारळाचा शिरका आणतो
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
पहिल्या दिवशी आम्ही हसलो.
दुसऱ्या दिवशी बाटली अर्धी झाली.
आणि शमशाद सिस्टर,
दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचून थकलेली,
रंजक्याच्या बरणीचं झाकण उघडते
तेव्हा बाकावरची कुत्रीसुद्धा सरकून बसतात.
ओल्या लाल मिरचीचा तो आंबूस, मेथीचा वास
नाकातून थेट कानशिलात.
गोड रताळ्यावर तो लावायचा नखाएवढाच,
मग डोळे पुसायचे,
मग परत लावायचा.

धाकलू गुरुजींचं एकट्याचं वेगळं.
त्यांचे काप मिठाआधी काढायचे,
कल्लव्वाला सिस्टरची ताकीद आहे.
एकशे सत्तरवर गेलं होतं वरचं, गणपतीत.
ते नुसतं लिंबू पिळतात,
लिंबाचीच स्तुती करतात,
फार मोठ्यानं करतात.

बाकावर मधोमध कागद पसरलेला:
वर कन्नड पेपर, खाली मराठी,
रद्दीवाल्यानं जसे दिले तसे.
तेल उतरत जातं
आणि खालची अक्षरं वर येतात,
एका वधूपाहिजेवर
दुसऱ्या गावच्या पाण्याची बातमी.
वाचायला कुणाला वेळ नसतो.
हात चालू असतात.

शेवटी उरतो चुरा.
मोडलेले काप, सगळ्यांच्या चटण्या,
वाऱ्यातून उशिरा खाली आलेलं मीठ,
शिरक्याचा एक ओला डाग.
खरं तर सगळ्या चिप्समध्ये
हाच खाण्यासारखा;
पण तो मागायचा कसा, म्हणून
आम्ही सगळे बोटं पुसतो रुमालाला.

परवा गाडी आली.
बसलिंगनं शिट्टी मारली, मिंगेल पळाला.
मी पिशवी उचलताना मागे पाहिलं:
गुरुजी कागद घडी करत होते,
टाकून देतो, म्हणाले होते,
आणि घडीच्या आत
त्यांचं ओलं केलेलं बोट
कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं.
एकदा. मग पुन्हा एकदा.
मिशीला कारळं लागलं होतं.

सिस्टरनंही पाहिलं.
मला वाटलं, आता बोलेल.
ती गाडीवरची पाटी वाचायला लागली,
तीन अक्षरांची पाटी,
जिच्यावर रोज तेच गाव असतं.
वाचत राहिली,
बराच वेळ,
गुरुजींचा घोट गिळून होईपर्यंत.