तिजोरीत धुणं

छतावर प्लास्टरचे दोनशे सोळा गुलाब होते,
त्यांतले एकोणीस गळून गेले होते.
एका शाबूत गुलाबाचा मी रबरी साचा काढला
आणि अकरा आठवडे शिडीवर मान मोडून
नवे एकोणीस लावले.
आता जुना कुठला, नवा कुठला
मलाही सांगता येत नाही.
(येतं. दाराजवळचा तिसरा. जरा घाई झाली.)

टोलेडो शहरात, ॲडम्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर
ही बँक बत्तीस वर्षं बंद होती.
कबुतरांनी मॅनेजरची केबिन घेतली होती
बिनव्याजी.

मग कागद हलले.
वारसा खात्याने बजावलं: खिडक्या त्याच, पितळ तेच,
संगमरवराला हात लावाल तर खबरदार.
अग्निशमनवाले म्हणाले, जिना दुसरा हवा.
हिशेबवाले म्हणाले, मग घरं चार कमी.
घर पाहावं बांधून म्हणतात,
यांनी बांधलेलंच पुन्हा बांधून पाहिलं.
शेवटी हाती आली अठ्ठेचाळीस घरं,
कमी भाड्याची.
अर्ज अकराशे सत्तर.

एक माझाही होता.
खिडकीआडच्या मुलीने, चष्मा कपाळावर,
दोनदा बेरीज केली आणि म्हणाली,
मिस्टर नोवित्स्की, तुमची कमाई
महिन्याला चाळीस डॉलर जास्त भरते.

चाळीस डॉलर.

मी गुलाबांकडे परत गेलो.

वर्लीन टगल यांचा नंबर लागला. चौथा मजला, चारशे सात.
चावी घ्यायला आल्या त्या दिवशी
लिफ्टकडे गेल्याच नाहीत.
सरळ हॉलच्या मधोमध येऊन थांबल्या,
बुटाच्या टाचेने फरशी ठोकली, म्हणाल्या, इथे.

इथे काय?

इथे माझे वडील उभे होते, एकसष्ट साली.
काचेच्या कारखान्यात चौदा वर्षं भट्टीपुढे,
हातात हॅट, खिशात पगाराच्या चिठ्ठ्या घडी करून.
टेबलामागच्या माणसाने नकाशा उलगडला,
आमच्या गल्लीवर पेन्सिल टेकवली
आणि मान हलवली.
समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.
मी नऊ वर्षांची. मोजल्या होत्या.

मला काय बोलावं सुचेना.
म्हटलं, फरशी मूळचीच आहे, मॅडम.
त्या म्हणाल्या, दिसतंय.

तळघरातली तिजोरी कुणाला हलवता आली नाही.
दार अठरा टनांचं. बिजागऱ्या वेल्ड करून
कायमचं उघडं ठेवलंय,
एखादं पोर आत कोंडू नये म्हणून.
आत सहा वॉशिंग मशीन, चार ड्रायर,
लॉकरच्या भिंतीवर अजून आकडे तसेच.
तीनशे चौदाच्या कडीला कुणाचा तरी मोजा वाळतोय,
एकच.

जानेवारीत, एरी सरोवरावरून वारं सुटलं तेव्हा,
पाइपाजवळचा पोपडा बघायला मला बोलावलं.
वर्लीनबाई मशीनसमोर बसल्या होत्या
घरून आणलेल्या खुर्चीवर.
शेजारी दुसरी, रिकामी.
ती कुणासाठी, ते मला कळलं असं वाटून
मी भिंतीशीच रेंगाळलो.
तर म्हणाल्या, बस की, उभा काय राहतोस,
आणि मशीनच्या पत्र्यावर थाप मारली:

दोन नाणी गिळली मेल्याने.
पावती नाही, काही नाही.
बँक ती बँकच.